नाशिकचं चिवट जेड

"परत जेड?" चोरगेअण्णांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "साहेब, एक इचारू का? राग मानू नका. तुम्ही ती खाताय का?"

"खाईन कशाला?"

"मग जात्यात कुटं? गणपतीत एक नेलं, घटस्थापनेला एक नेलं, आता दिवाळीच्या तोंडावर तिसरं. जेड म्हंजे लई सोशीक झाड. कुणी लक्ष न्हाई दिलं तरी जगतंय. त्याला मारायला माणसाला मुद्दाम कष्ट घ्यावे लागत्यात."

मी भूमापन कार्यालयात नोकरीला होतो. तोंड न उघडता उभं राहायची सवय होती. पण अण्णा काही हलेनात. साताऱ्यात आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी त्यांची ही एकच नर्सरी. त्यांच्याशी वाकडं घेऊन भागणार नव्हतं.

"घरात ऊन कुटनं येतं?" त्यांनी विचारलं.

"येत नाही. तळमजला आहे. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. दुपारी बारालासुद्धा ट्यूब लावतो आम्ही."

"झ्याक! आणि पाणी कोण घालतं?"

"मीच. दोन दिवसाआड कपभर. अगदी मापात."

"जेडला दोन दिवसाआड? अवो, ते उंटाच्या जातीचं! माती खडखडीत वाळल्याबिगर थेंब घालायचा न्हाई. पर नुसत्या कपभर पाण्यानं एवढ्या बिगीनं मरायचं न्हाई ते." अण्णांनी डोळे बारीक केले. "काय तरी लपवताय तुम्ही."

लपवत होतोच. पण जे लपवत होतो ते अण्णांना सांगून काय उपयोग होता?

लग्न होऊन मला सहा महिने झाले होते. बायको वैजयंती, नाशिकची. तिथं एका शाळेत शिक्षिका होती. दिवाळीपर्यंत बिनपगारी रजा घेऊन आली होती. पहिला आषाढ माहेरी काढून परत आली ती एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात निळ्या चिनीमातीच्या कुंडीतलं जेड घेऊन. दिवाणखान्यात टीव्हीशेजारी कुंडी ठेवली आणि रात्रीच्या जेवणाला, सगळ्यांसमोर, हसत हसत म्हणाली, "आमच्या गच्चीवर वाढलंय हे. आता बघू या. हे इथं दिवाळीपर्यंत जगलं तर मीही इथं जगेन. राजीनामा पाठवते शाळेला. नाही जगलं तर आम्ही दोघं नाशिकला परत. मग ह्यांनी बदली मागून घ्यावी तिकडं."

नाना, म्हणजे माझे वडील, खो खो हसले. आई हसली नाही. मीही हसलो नाही, कारण ती बोलताना माझ्याकडं बघत नव्हती. आई आणि तिचं भांडण असं काहीच नव्हतं. भांडण असतं तर बरं होतं, मिटवता तरी आलं असतं. दोघी एकमेकींशी बँकेतल्या काउंटरवर बोलावं तसं बोलायच्या. "मीठ लागेल का आणखी?" "नको, पुरेसं आहे." मी एकुलता एक. बदली मागून नाशिकला निघालो असतो तर आईनं चार महिने जेवण सोडलं असतं. न गेलो तर बायको तिकडं आणि मी इकडं. त्यामुळं माझा सगळा संसार त्या सहा इंची कुंडीत अडकला होता.

गणपतीच्या आधी झाडाची पानं पिवळी पडली आणि टपाटप गळायला लागली. मला घाम फुटला. नर्सरीतली जेडं सगळी एका आईची लेकरं दिसतात. वैजू बाजारात गेलेली बघून मी नवं झाड त्याच निळ्या कुंडीत बसवलं आणि जुनं गटाराकडेला टाकून आलो. कुणाला कळलं नाही. पितृपंधरवड्यात ते नवंही मान टाकायला लागलं. आता उद्या जाऊ, परवा जाऊ असं करत होतो, तोवर एक दिवस कचेरीतून येऊन बघतो तर काय, झाड टवटवीत! पानं तुकतुकीत, देठ ताठ. म्हटलं, देव आहे बाबा. नवरात्रात पुन्हा गळालं तेव्हा मी देवावर न सोडता दुसरं आणलं. आणि आता हे.

"अण्णा, काही विचारू नका," मी म्हणालो. "एक जेड द्या फक्त."

"न्हाई."

"म्हणजे?"

"शिल्लकच न्हाई. शेवटचं कालच एक बाई घेऊन गेल्या. ह्या वर्साला जेडला काय झालंय कुणास ठाऊक, लोक भाजीवाणी न्यायल्यात." मग माझा चेहरा बघून ते जरा विरघळले. "कराडवरनं मागवून देतो. पर एक अट. आधी मी तुमचं घर बघणार. उजेड बघणार, पाणी बघणार. मी झाड देतो साहेब, बळी देत न्हाई."

"घरी काय सांगू?"

"सांगा हापिसातला माणूस हाय."

घरी परतलो ते रडवेला होऊन. दिवाळीला अकरा दिवस. वैजूला आज सांगावं की उद्या, याची जुळवाजुळव करत दार ढकललं, तर निळ्या कुंडीत जेड हिरवंगार! मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. शपथेवर सांगतो, आदल्या दिवशी त्याला मोजून सात पानं होती.

"बघितलंस?" नाना आरामखुर्चीतून म्हणाले. "परत उचल खाल्ली! नाशिकचं पाणीच चिवट. आपल्या इथलं झाड असतं तर कधीच गेलं असतं."

आज वीस वर्षांनी हे लिहिताना मला माझीच कीव येते. जमिनी मोजणारा माणूस मी. बांधाची एक वीत इकडची तिकडं झाली तर ओळखायचो. आणि त्या दिवशी मी देवासमोर नारळ ठेवला.

रविवारी सकाळी चोरगेअण्णा आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला टोपी आणि नखांत मात्र नेहमीची माती. नानांना कोणीही पाहुणा आला की आनंद होतो. त्यांनी अण्णांना बसवलं आणि मी काही बोलायच्या आत विषयाला हात घातला.

"हे बघा आमच्या सूनबाईंचं झाड! खास नाशिकहून आलंय. मरतं आणि परत जिवंत होतं. चारदा झालं असं! मी येईल त्याला दाखवतो."

"आसं?" अण्णा कुंडीकडं वाकले. "मरून परत उठतंय? मी चाळीस वर्सं..." मी खाकरलो. "चाळीस वर्सं भूमापनात हाय, पर आसली जमीन न्हाई बघितली."

तेवढ्यात वैजू पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली. अण्णांना बघून ती जागच्या जागी थांबली. भांडं ताटलीवर खणखणलं. नानांच्या पाठीमागून तिनं अण्णांना डोळे वटारून मान हलवली, जोरात, दोनदा. अण्णांचं तोंड उघडं राहिलं.

"ही माझी बायको," मी म्हणालो. "तुम्ही ओळखता का?"

"छे छे!" दोघं एकदम म्हणाले.

मला काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण काय ते कळेना. अण्णा घोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी भांडं खाली ठेवलं. नानांनी ते उचललं, उरलेलं पाणी सवयीनं जेडच्या कुंडीत ओतलं आणि परत येऊन बसले.

"हे काय केलं?" अण्णा ओरडलेच.

"पाणी वाया घालवू नये. साताऱ्यात दिवसाआड येतं पाणी. इथं येणाऱ्याजाणाऱ्याचं उरलेलं सगळं ह्या झाडाला. शिवाय नवं पाणी आलं की माठातलं शिळं असतंच." नाना अभिमानानं म्हणाले. "एक थेंब मोरीत जात नाही आमच्याकडं."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. माझा मापातला कप आठवून मला लाज वाटायला लागली होती.

आणि मग आतून घंटा वाजायची थांबली आणि आई देवघरातून बाहेर आली. ओले केस, हातात ताम्हण, ओठांवर अजून स्तोत्राची शेवटची ओळ. पाहुण्याकडं न बघता ती सरळ कुंडीपाशी गेली आणि देवांच्या आंघोळीचं पाणी तिनं श्रद्धेनं झाडाच्या मुळाशी सोडलं. ते पाणी पायदळी येऊ नये म्हणून. लग्न होऊन ती ह्या फ्लॅटमध्ये आली तेव्हापासून तिला हे पाणी कुठं घालायचं याची काळजी होती. तळमजल्याला अंगण नाही, तुळस उन्हाअभावी दरवर्षी जळायची. आता घरात आयतं झाड मिळालं होतं. ताम्हण रिकामं झालं. तिनं मान वर केली.

"अगंबाई!"

"नमस्कार," अण्णा उभे राहिले. "त्या दिवशी घाईत तुमची छत्री..."

आईनं ओठांवर बोट ठेवलं. नाना वळले तशी तिनं त्याच बोटानं कान खाजवला.

"छत्री? कसली छत्री?" नाना म्हणाले. "तुम्ही हिला कुठं भेटलात?"

अण्णा खाली बसले. त्यांनी एकदा आईकडं, एकदा वैजूकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. आम्ही तिघंही, दुसऱ्या दोघांच्या नकळत, त्यांना गप्प बसायची खूण करत होतो. अण्णांचं पोट आधी हललं. मग खांदे. मग त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली आणि सोफ्यावर आडवे होऊन हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"बरं वाटत नाही का ह्यांना?" नाना घाबरले. "रंगा, पाणी आण."

"पाणी नगं!" अण्णा किंचाळले. "पाण्याचं नाव काढू नगा ह्या घरात!"

ते उठले, कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि वजनानं दचकले. मातीत बोट घातलं. ते बोट चिखलात शेवटपर्यंत बुडालं. मग त्यांनी कुंडी तिरपी करून तळ बघितला.

"खालचं भोक कुटं गेलं?"

"बुजवलं," नाना म्हणाले. "सिमेंटनं. मीच. नाहीतर पाणी झिरपून नवी फरशी खराब होते."

"नाना," अण्णा कुंडी खाली ठेवत अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी भूमापनातला न्हाई. माझी नर्सरी हाय. आणि हे झाड चिवट न्हाई. हे झाड एक न्हाईच. गणपतीपासनं तुमच्या घरात माझी पाच जेडं आलीत. तीन... न्हाई, दोन ह्या साहेबांनी नेली."

"रंगा!" आई म्हणाली. "तू?"

"आई, अगं, मला वाटलं वैजूला..." मी थांबलो. "पण दोनच. मग पाच कशी?"

आई खुर्चीच्या कडेवर बसली. तिनं पदर हातात घेतला आणि त्याचं टोक पिळायला लागली.

"मी दोन आणली," शेवटी ती म्हणाली. वैजूकडं ती बघत नव्हती. "पितरांच्या दिवसांत एक, आणि परवा एक. पहिल्यांदा पानं गळाली ना, तेव्हाच माझ्या मनात आलं, हे माझ्या पाण्यानं होतंय. पण देवाचं पाणी कसं टाकू? म्हटलं, हिच्या माहेरचं झाड आपल्या हातानं मारलं. हिला कळलं तर ही काय म्हणेल? सासूनं मुद्दाम केलं म्हणेल. मग पहिलं उघड्या छत्रीआड लपवून आणलं. ना ऊन, ना पाऊस, तरी छत्री. लोक बघत होते. परवा तर घाईत छत्रीच तिथं विसरले." तिचा आवाज चिरकला. "दोन महिने मला नीट झोप नाही, माहीत आहे?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या घरात बहुधा पहिल्यांदाच.

"म्हणजे माझा नारळ..." मी म्हणालो.

"कसला नारळ?" नानांनी विचारलं.

"काही नाही."

"थांबा, थांबा," नाना बोटं मोजत म्हणाले. "दोन आणि दोन चार. पाचवं?"

अण्णा आता वैजूकडं बघत होते. आम्हीही तिच्याकडं वळलो. ती भिंतीला टेकून उभी होती, तांब्या छातीशी धरून. चेहरा असा, की चोरी पकडलेल्या पोरीला हसू आवरत नाही आणि रडूही आवरत नाही.

"पाचवं पहिलं आहे," अण्णा म्हणाले. "राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ह्या आल्या होत्या. लई पारखून नेलं. दहा जेडं उचलून बघितली. मी गणपती म्हणालो, पर राखीपासनंच म्हणायला पायजे."

"वैजू, तू?" मी म्हणालो. "तुझ्याकडं तर होतं ना झाड?"

"होतं. पंधरा दिवसांतच त्याची दशा दिसायला लागली होती. आई सकाळी पाणी घालतात, नाना दिवसभर घालतात, तुम्ही चोरून कप घेऊन जाता. मी तरी काय करणार? देवाचं पाणी घालू नका म्हणून नवी सून सासूला सांगणार? राखीला दादा आला होता, त्याच्याबरोबर पिशवीत घालून माझं झाड नाशिकला परत पाठवलं. ते गच्चीवर मस्त आहे. आणि ह्यांच्याकडून आणून तसलंच दुसरं कुंडीत लावलं."

आईनं पदर सोडला. "म्हणजे तुझं झाड मी मारलं नाही?"

"नाही हो आई. तुम्ही मारलीत ती सगळी अण्णांची."

"देवा रे!" आईनं दोन्ही हात जोडले आणि मोठा श्वास सोडला. मग तिला राग आला. खरा राग, सहा महिन्यांत पहिल्यांदा वैजूवर काढलेला. "अगं मग मला सांगायचं नाहीस? माझा जीव इथं टांगणीला लागलाय! रोज सकाळी उठून आधी पानं मोजते मी, मग देवाला हात जोडते!"

"आणि हे सगळं चालू असताना," नाना खिन्नपणे म्हणाले, "मी येईल त्याला सांगत होतो, नाशिकचं पाणी चिवट."

अण्णांनी मध्ये पडून घसा साफ केला. धंद्याचा माणूस, संधी सोडायचा नाही. "आता माझं ऐका. जेडचा नाद सोडा. त्याला ऊन पायजे आणि उपास पायजे. तुमच्याकडं ऊन न्हाई, आणि उपाशी ठेवायची ह्या घराची रीत न्हाई. माणसं बदलायची न्हाईत, झाड बदलायचं. अळू लावा."

"अळू?" आई म्हणाली. "दिवाणखान्यात? मोरीकडेचं अळू? लोक काय म्हणतील?"

"मोठ्या कुंडीत, खिडकीशी ठेवा. भिंतीवरनं उजेड येतोय तेवढा त्याला बास. मग देवाचं पाणी घाला, शिळं घाला, तांदूळ धुतलेलं घाला, पाव्हण्याचं उष्टं घाला. नाना, तुम्ही फरशीवर ताट ठेवा, पर भोक बुजवू नका. सगळं पिऊन वर वडीला पानं दील तुम्हाला."

नाना खूश झाले. आई अजून वैजूकडंच बघत होती. मीही. मला आतापर्यंत उमगायला हवं होतं, पण मी जमिनी मोजणारा, मला आकडा जुळला तरी अर्थ लागायला वेळ लागतो.

"पण एक कळत नाही," मी म्हणालो. "तूच म्हणालीस, झाड जगलं तर राहीन, नाही तर परत जाईन. मरत होतं, तर मरू द्यायचं. तुझी पैज होती. तुला जायचंच होतं ना नाशिकला?"

वैजूनं तांब्या टेबलावर ठेवला. ठेवताना त्यातलं पाणी हिंदकळलं, आणि चारही जणांचे हात तांब्याकडं गेले.

"पैज तशी मी त्या दिवशी ताठ्यात बोलून गेले," ती म्हणाली. "पंधरा दिवसांनी झाडाची पानं गळायला लागली आणि मला रडू यायला लागलं. झाडासाठी नाही. झाड गेलं तर मला जावं लागणार म्हणून. सगळ्यांसमोर बोलले होते ना. मग दुसरं आणून ठेवलं. म्हटलं, कुणाला कळतंय?" तिनं डोळे पुसले आणि हसली. "नंतर बघते तर ते परत बदललेलं. मग परत. मला वाटलं, सगळी तुम्हीच आणताय. आई आणतात हे नव्हतं हो माहीत."

अण्णांनी टोपी डोक्यावर चढवली आणि आपण इथं नसल्यासारखे खिडकीबाहेरची भिंत बघू लागले.

"एवढं राहायचं होतं," आई म्हणाली, "तर तोंडानं सांगावं माणसानं. झाडं कशाला आणावीत चोरून?"

"तुम्ही कुठं विचारलंत आई? सहा महिन्यांत कुणीच विचारलं नाही. सगळे झाडाकडं बघत होतात."

आई उठली. ताम्हण तिच्या हातातच होतं. ते तिनं नीट बाजूला ठेवलं, पदर खांद्यावरून घेतला, एखाद्या घरी हळदीकुंकवाचं बोलावणं करायला जावं तशी वैजूच्या समोर जाऊन उभी राहिली.

"बरं, मग आता विचारते," ती म्हणाली. "राहतेस का गं आमच्यात?"

"राहते," वैजू म्हणाली.